जुनाट दुखणं: डॉक्टरांच्या फेऱ्या की एकत्र बसणारा चमू?
दुखणं तीन महिन्यांपुढे गेलं की ते जुनाट. कंबरदुखीचंच घ्या.

नेहमीची वाट म्हणजे आधी हाडांचे डॉक्टर, मग न्यूरोलॉजिस्ट, मधे फिजिओथेरपी. प्रत्येक जण मनापासून काम करतो, पण फाईल घेऊन फिरतो रुग्णच. एक सांगतो आराम करा, दुसरा म्हणतो चाला. एमआरआयमध्ये काही सापडलं नाही की ‘मनाचे खेळ आहेत’ ऐकावं लागतं. हे वाक्य मला क्रूर वाटतं. वेदना खरीच असते. ताज्या फ्रॅक्चरला मात्र ही वाट पुरेशी आहे.

दुसऱ्या वाटेचा, म्हणजे एकत्र बसणाऱ्या चमूचा, पाया भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी घातला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना एकट्याचं ज्ञान अपुरं पडतं, हे त्यांनी ओळखलं. या विचारावर चालणाऱ्या वेदना-उपचार केंद्रात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिका मिळून एकच योजना आखतात. ध्येयही बदलतं: जिना चढणं, शांत झोप, कामावर परतणं. चालणं घड्याळावर ठरतं, दुखण्यावर नाही. दहा मिनिटं ठरली तर बऱ्या दिवशीही दहाच. एका दिवशी सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र त्यानेच तुटतं.

यात वेळ जातो, खर्चही होतो, आणि आपल्याकडे अशी केंद्रं थोडीच. तरी वर्षानुवर्षं दुखत असेल तर मी हीच वाट सुचवेन. पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.