लोअर आर्म: पट्टी मारायची की पाइपाचा बनवायचा?

जुनी मारुती एस्टीम रॅलीसाठी उभी करताना आमच्या जळगावच्या गॅरेजात पहिला वाद लोअर आर्मवरच होतो, म्हणजे चाक खालून बॉडीला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यावर. मी पट्टीच्या बाजूचा. मूळ आर्म पत्र्याचा. खालून ३ मिमीची पट्टी वेल्ड केली की चांगलाच ताठ होतो. आधी बुश (रबरी सांधा) आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) काढा, नाहीतर रबर जळतं. टाके छोटे, आलटून-पालटून घ्या. सलग वेल्ड ओढलं तर आर्म पिळतो आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडतो. पट्टीचं टोक निमुळतं ठेवा, नाहीतर तडा तिथूनच जातो.

सीमलेस (बिनजोड) पाइपाचा आर्म जास्त दणकट, पण जिगशिवाय (भाग मापात धरून ठेवणारा साचा) माप जुळत नाही, खर्चही मोठा. शिवाय सातपुड्याच्या पायथ्याला दगड बसला की हा आर्म वाकत नाही, धक्का थेट बॉडीच्या माउंटिंगवर जातो. वाकलेला आर्म रॅलीतल्या सर्व्हिस थांब्यावर बदलता येतो, फाटलेलं माउंटिंग नाही.