ॲम्बॅसेडरमध्ये कंटेसाचं इंजिन आणि त्यावर रेडिमेड हेडर : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

दिवाळी झाल्या झाल्या हेडर, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा संच, बसवला होता, आता जुलै लागला, गाडी ७,४०० किमी फिरली. मुद्दाम एवढे दिवस थांबलो, कारण बसवल्यावर पहिला आठवडा सगळ्यांनाच भारी वाटतं, आवाज नवा असतो, आणि आपल्या खान्देशात गाडीच्या कुठल्याही कामाची खरी परीक्षा मे महिन्यात होते.

आधी गाडी सांगतो. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९८४ ची ॲम्बॅसेडर मार्क ४. सावद्याला केळीच्या धंद्यासाठी घेतलेली, मूळ इंजिन १४८९ सीसी. तो ब्लॉक पार संपला, बोअर करायलाही (सिलिंडर घासून मोठे करायलाही) जागा उरली नव्हती, आणि गाडी विकायची नाही हे नानांनी आधीच सांगून टाकलेलं, मग कंटेसाचं इसुझु १८१७ सीसी पेट्रोल इंजिन ५ स्पीड गिअरबॉक्ससकट टाकलं. हिंदुस्थान मोटर्सने स्वतःच पुढे १८०० आयएसझेडमध्ये इसुझुचं १.८ इंजिन ॲम्बॅसेडरला दिलं होतं, त्यामुळे इंजिन बसेल का ही काळजी नव्हती. (इंजिन बदलाला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायदा कलम ५२, ते आधी करा, नंतर इन्शुरन्सला अडतं. आणि ५० वर्षं झाल्यावर व्हिंटेजमध्ये नोंदवायचा विचार असेल तर इंजिन बदलूच नका, तिथे मूळ गाडीत मोठा बदल चालत नाही.)

अडलं ते एक्झॉस्टवर. इंजिनाबरोबर आलेला बिडाचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा ओतीव भाग, हेडर याच्याच जागी बसतो) तडकलेला होता आणि खालचा पाइप कंटेसाच्या हिशोबाने वळवलेला. १८०० वाल्या ॲम्बॅसेडरचा पाइप जळगाव, धुळे, मालेगाव सगळीकडे भंगारात शोधला, नाही मिळाला. बिडाला वेल्डिंग करून दीड महिना चालवली, पुन्हा तडा. मग बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून या इंजिनासाठीचा तयार ४-२-१ हेडर मागवला, एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), दीड मिमी जाडीचा पाइप, ११,५०० रुपये. ४-२-१ म्हणजे आधी १ आणि ४ नंबर सिलिंडरच्या पाइपांचा जोड, २ आणि ३ चा जोड, मग दोन्हींचा एक. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे एका जोडात लागोपाठचे दोन सिलिंडर येत नाहीत, एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. रोजच्या वापराच्या गाडीला मधल्या आरपीएमवर ओढ हवी असते, त्यासाठी हाच प्रकार बरा, थेट ४-१ वरच्या आरपीएमला जास्त कामाचा.

पार्सल उघडलं, दिसायला एक नंबर. चुंबक लावलं, पाइपला धरेना पण फ्लँजला, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या पट्टीला, पटकन धरलं, म्हणजे पाइप स्टेनलेस आणि फ्लँज साधं लोखंड. मग फ्लँज जाड काचेवर पालथी ठेवली आणि मधल्या दोन पोर्टपाशी (धुराच्या भोकांपाशी) ०.५ मिमीचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पत्री, आरामात आत गेलं. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकली होती. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की गास्केट (मधलं पॅकिंग) ॲडजस्ट करून घेईल. नाही घेत. अर्धा मिमी फट गास्केट झाकतं खरं, पण पंधरा दिवसच, मग तिथून फुंकायला लागतं. पैसे परत नाहीत, बदलून पण नाही, त्याचा राग अजून आहे.

जळगावला अजिंठा चौफुलीजवळ एक फॅब्रिकेटर काका आहेत, आर्गन वेल्डिंग करतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी गास्केट न टाकता हेडर नुसता टांगून बघितला आणि घरून कणकेचा गोळा आणायला सांगितला. जिथे जिथे पाइप कशाला घासेल असं वाटलं तिथे कणीक दाबली, हेडर आवळला, जॅक लावून इंजिन दोन्हीकडे हलवलं, परत उतरवला आणि कणकेची जाडी मोजली. टॉर्शन बारपाशी फक्त ४ मिमी! ॲम्बॅसेडरच्या पुढच्या सस्पेन्शनला गुंडाळीची स्प्रिंग नसून पीळ घेणारे लांब टॉर्शन बार आहेत, ते खालून मागे जातात, आणि दोन पाइपांचा जोड नेमका तिथेच उतरत होता. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन फाउंडेशनवर (ज्या रबरांवर ते बसतं त्यांवर) डोलतं, ४ मिमीत ठोकणारच. काकांनी दोन पाइप कापले, थोडे आत वळवून परत जोडले, अंतर १५ मिमी केलं. फ्लँज सरफेस ग्राइंडरवर सपाट करून आणली आणि मग, मला धक्काच बसला, तीच फ्लँज पोर्टांच्या मधोमध आरीने कापून चार तुकडे केले. मी म्हटलं काका हे काय, तर म्हणे, "लोखंड तापनं का वाढस भाऊ, त्याले जागा ठेवनी पडस." घरी येऊन हिशोब केला. ३०४ स्टेनलेस मीटरला प्रत्येक डिग्रीमागे साधारण १७ मायक्रॉन वाढतं, साधं लोखंड १२. म्हणजे ६० सेंमी पाइप ५०० डिग्री तापला तर ५ मिमी लांबतो, आणि फ्लँज त्या मानाने कमी वाढते, ताण सगळा वेल्डिंगवर. काकांना हे हाताने माहीत होतं. मजुरी ४,२००.

पहिल्या ३०० किमीत तीन वेळा नट पुन्हा आवळले, गार इंजिनवर, मधून सुरुवात करून बाहेर. हे चुकवू नका, गास्केट बसतं तसे नट सैल पडतात. स्टडला अँटीसीझ (नट जाम होऊ न देणारा लेप) लावा, नट तांब्याचा मुलामा असलेले घ्या.

जानेवारीत २,३०० किमीला सकाळच्या थंड स्टार्टला टिक-टिक यायला लागली, गरम झाली की बंद. साबणाचं पाणी शिंपडलं तर कलेक्टरच्या (सगळे पाइप एक होतात तिथल्या) वेल्डिंगला बुडबुडे, केसाएवढी चीर. ही चूक माझी, काकांनी बेलो पाइप टाकायला सांगितला होता, मी ९०० रुपये वाचवले. इंजिन डोलतं, मागचा सायलेन्सर बॉडीला टांगलेला जागेवर राहतो, मधे लवचिक काही नसेल तर कुठेतरी चीर पडणारच. बेलो टाकला, त्यानंतर आजपर्यंत चीर नाही.

आता उन्हाळा. बिडाचा मॅनिफोल्ड जाड असतो, हेडरचा पाइप पातळ, तो उष्णता तिथल्या तिथे बॉनेटखाली सोडतो. एप्रिलपासून जळगाव-भुसावळ रस्त्यावर ४४ डिग्रीत गाडी दहा मिनिटं बंद केली की परत सुरू होईना, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) मॅनिफोल्डमध्ये उतरायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागायचा. एकदा नानांना एरंडोलला लग्नाला नेलं तर परतताना भर उन्हात वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला उभे, नाना काही बोलले नाहीत पण मला फार वाईट वाटलं. उपाय तीन केले: कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर, हेडर आणि कार्बच्या मधे ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि पेट्रोलचा पाइप हेडरपासून लांब फिरवला, रबर पण इथेनॉल सोसणारं टाकलं. मे अखेरीस त्रास गेला. हीट रॅप पण गुंडाळला होता, पहिल्या दिवशी धूर करतो तो थांबतो, फरक पडतो, पण लोखंडी पाइपवर लावू नका, पाणी धरून आतून गंज चढवतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. इंजिन फाउंडेशनचं रबर हेडरच्या शेजारीच येतं. जूनमध्ये बघितलं तर त्या बाजूचं रबर भाजून कडक, इंजिन ३ मिमी खाली बसलेलं. बदललं आणि वर छोटा पत्रा लावला.

चालवायला कशी? कन्नड घाटात जिथे बिडाच्या मॅनिफोल्डवर सेकंड टाकायचो तिथे आता थर्डमध्ये चढते, हे खरं. पण हेडरनंतर मिक्श्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं होतं, प्लग पांढरे, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की फटफट, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकल्यावरच ती ओढ आली. ॲव्हरेज साडेदहाचं अकरा. साठच्या स्पीडला आत घुमणारा आवाज होता, सायलेन्सरच्या पुढे रेझोनेटर टाकल्यावर बोलणं ऐकू येतं.

तुमचा बिडाचा मॅनिफोल्ड धड असेल आणि फक्त खालचा पाइप जुळत नसेल तर पाइप बनवून घ्या, हेडरच्या मागे लागू नका. माझ्यासारखं तडकलेलं असेल तर घ्या, पण जवळ चांगला आर्गनवाला असेल तरच, कारण तयार माल म्हणजे निम्मंच काम, आणि बेलो, स्पेसर, पत्रा यांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

सध्या सायलेन्सरच्या मधल्या हँगरचं रबर चिरलंय, ते या आठवड्यात बदलतोय. हेडरला हात लावायचं काम नाही.