डिस्ट्रिब्युटेड स्विच, 16 महिन्यांनंतर: सगळं बरं, पण तो एक ड्रॉपडाऊन!

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सर्व्हरचं काम बघतो. तीन होस्ट (सर्व्हर), एक स्टोरेज, 41 व्हीएम (होस्टवर चालणारी आभासी मशिन), त्यावर ही मशिन चालवणाऱ्या व्हीस्फिअरचा डिस्ट्रिब्युटेड स्विच. हा स्विच, म्हणजे व्हीडीएस, सगळ्या होस्टवर एकत्र पसरलेला, सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच; जास्त उगाळत बसत नाही.

पहिले नऊ महिने मी त्याच्या प्रेमात होतो. व्हीलॅन (एकाच वायरवरचं वेगळं, नंबर दिलेलं नेटवर्क) एकदाच टाकायचा, तिन्ही होस्टवर लागतो. लोड बघून अपलिंक, म्हणजे होस्टमधून बाहेर जाणारी वायर, बदलणारं टीमिंगही चोख. एकदा तर मॅनेजमेंटच्या पोर्टग्रुपवर (एकसारख्या सेटिंगच्या पोर्टांचा गट) मी चुकीचा व्हीलॅन टाकला, होस्ट तुटला, पोटात गोळा आला. आणि चहा ओतून घेईपर्यंत त्यानं आपणहून जुनी सेटिंग परत लावली. हा रोलबॅक व्हीस्फिअर 5.1 पासून आहे म्हणे. मला त्या दिवशी कळला.

व्हीसेंटर (हे सगळं एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, आमच्याकडं तेही एक व्हीएमच) पडलं तर नेटवर्क पडेल, ही भीती मात्र बिनबुडाची. प्रत्येक होस्टकडं स्विचची स्वतःची प्रत असते, पॅकेट तिथूनच जातात. राजाराम बंधाऱ्याची पातळी कळवणारा फोन बंद पडला म्हणून पंचगंगा थांबत नाही, तसं. पडलेल्या होस्टच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठवणारी सोय, एचए, तीसुद्धा व्हीसेंटरविना चालते, कारण पोर्टची माहिती सामाईक स्टोरेजवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्येही ठेवलेली असते. व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) आणि डीआरएस (होस्टांमध्ये भार आपोआप वाटणं) तेवढे बंद.

मग दहाव्या महिन्यात यूपीएसनं दगा दिला. बॅटऱ्या बदलायचं कोटेशन माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं, 'दिवाळीनंतर बघू' म्हणून ठेवलेलं. स्टोरेज धाडकन बंद. सगळं परत चालू केल्यावर 39 व्हीएम होस्टवरून निमूट उठल्या, कारण त्यांचे पोर्ट आधीच राखलेले होते. दोनच उठेनात: व्हीसेंटर आणि वजनकाट्याची व्हीएम. दोन्हींचा बॅकअप होता, म्हणून मी निवांत. थेट होस्टवर रिस्टोर केलं, नेटवर्क कार्ड जोडायला गेलो, तर नकार.

आमचे पोर्टग्रुप स्टॅटिक बाइंडिंगचे, आणि त्यात व्हीएमला पोर्ट कायमचा नेमून देतं व्हीसेंटर. रिस्टोर झालेली व्हीएम होस्टच्या लेखी नवीन, म्हणजे पोर्ट नवा हवा, तो देणारा मेलेला, आणि त्या मेलेल्याला उठवायला त्याचाच पोर्ट हवा. मयताच्या दाखल्यावर मयताचीच सही! पोर्टग्रुप यादीत ढळढळीत दिसतोय आणि जोडता येत नाही, याचा संताप शब्दांत मावत नाही. गेटवर भरलेले ट्रक उभे, डिस्पॅचवाले आबा दर दहा मिनिटांनी दारात: "सायेब, काटा कवा चालू हुनार?"

बसवून देणाऱ्यानं प्रत्येक होस्टचे दोन्ही अपलिंक डिस्ट्रिब्युटेड स्विचला देऊन टाकले होते, स्टँडर्ड स्विच (एकाच होस्टपुरता, व्हीसेंटरविना चालणारा) एकही ठेवला नव्हता. शेवटी एका होस्टचा एक अपलिंक कमांड लाइनवरून सोडवला, स्टँडर्ड स्विच उभा केला, त्यावर व्हीलॅन टाकला (नंबर आठवेना, खालच्या खऱ्या स्विचवर शोधला) आणि दोन्ही व्हीएम तिथं टांगल्या. एलएसीपी (अनेक वायरींचं एक बंडल करणं) लावलं नव्हतं, हे नशीब. लावलं असतं तर बंडलमधून एक वायर काढून वेगळ्या स्विचला देणं म्हणजे आणखी एक रात्र. एवढं करायला साडेचार तास गेले.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात सगळे पोर्टग्रुप एफिमरल करायला घेतले. एफिमरलमध्ये पोर्ट होस्टच बनवतो, व्हीएम चालू झाली की तयार, बंद झाली की गायब. व्हीसेंटर असो नसो. चालू पोर्टग्रुपचं बाइंडिंग बदलण्यापेक्षा नवे काढून एकेक व्हीएम हलवली, दोन शनिवार त्यात गेले.

आणि दोन महिन्यांत परत उलटा फिरलो. व्हीएम बंद केली की त्या पोर्टची आकडेवारी जाते, पोर्टवर दिलेली परवानगी जाते. शिवाय ज्याच्याकडं होस्टचा लॉगिन, तो कुठलीही व्हीएम कुठल्याही व्हीलॅनला जोडू शकतो, व्हीसेंटरला न विचारता. ते मला चालणार नव्हतं. एफिमरल फक्त रिकव्हरीसाठी ठेवा असं कागदोपत्री लिहिलेलंच आहे. मी ते वाचलं उशिरा.

आता रोजचं सगळं स्टॅटिकवर. मॅनेजमेंट, काटा आणि ईआरपी या तीन व्हीलॅनसाठी मात्र त्याच नंबरचा एकेक रिकामा एफिमरल पोर्टग्रुप ठेवलाय, नावापुढं 'आपत्काल' लिहून. तो रिकामाच असायचा. व्हीलॅन नंबरांचा कागद रॅकच्या दारावर चिकटवलाय. स्विचची सेटिंग एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवतो, कारण व्हीसेंटर जुन्या बॅकअपवरून आलं की मधे केलेले बदल त्याला माहीत नसतात आणि होस्टशी त्याचा मेळ बसत नाही.

मॅनेजमेंटसाठी वेगळा चौथा होस्ट घ्या, असा सल्ला बसवणाऱ्यानं दिला, कोटेशनसकट. मालकांना दाखवलंसुद्धा नाही. तीन रिकामे पोर्टग्रुप फुकट पडतात. बॅटऱ्या मात्र त्याच आठवड्यात घेतल्या.

दर तिमाहीला संध्याकाळी शिफ्ट बदलताना व्हीसेंटर मुद्दाम बंद करतो, एक चाचणी व्हीएम होस्टवरून आपत्काल पोर्टग्रुपला जोडतो, पिंग बघतो, परत चालू. वीस मिनिटं. दोन वेळा झालं, दोन्ही वेळा जोडली गेली. दुसऱ्या वेळी आबा उगाच डोकावून गेले, "काय बंद केलंसा?"

स्विच म्हणून पाचपैकी साडेचार द्यायचे होते. पण नवा पोर्टग्रुप काढताना बाइंडिंगच्या त्या ड्रॉपडाऊनमध्ये 'स्टॅटिक' आधीच निवडलेलं असतं आणि व्हीसेंटर मेल्यावर काय होईल याची एक ओळ तिथं नसते. त्या न लिहिलेल्या ओळीचे माझे साडेचार तास. साडेतीन.