‘६१७४’चा भिंतीवरचा तक्ता: संख्या खणखणीत, सूचना अपुरी

एका विज्ञान प्रदर्शनातून १८० रुपयांना घेतलेला ‘६१७४’ या संख्येवरचा लॅमिनेट केलेला तक्ता गेले दोन महिने माझ्या शिकवणीच्या खोलीत टांगलेला आहे. देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेली कृती त्यावर ठळक छापली आहे. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते आणि तिथून पुढे हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च. (खुद्द १९४९ या संख्येला पूर्ण सात वजाबाक्या लागतात.)

तक्त्यावर ‘कोणतीही चार अंकी संख्या घ्या’ असे म्हटले आहे, ते चूक आहे. ४४४४ सारख्या संख्येचे उत्तर पहिल्याच फटक्यात शून्य येते. ही चूक मुलांनी पहिल्याच दिवशी पकडली. पण दुसरी उणीव जास्त नडली. सातवीतील एका मुलीने २१११ घेतली, १११२ वजा केले, ९९९ लिहिले, पुढच्या ओळीत ९९९ मधून ९९९ वजा केले आणि ‘‘सर, तक्ता खोटा आहे’’ असे जाहीर केले. उत्तर ०९९९ असे चार अंकी धरले असते, तर ८९९१, ८०८२, ८५३२ अशा पायऱ्यांनी ती ६१७४ वर पोहोचली असती. शून्य गाळू नये, एवढी एक ओळ छापायला जागा नक्कीच होती.

हे असे का घडते, याबद्दलही तक्त्यावर अवाक्षर नाही. पहिली वजाबाकी नेहमी, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांच्या बेरजेइतकी येते; त्यामुळे सगळे अंक सारखे नसलेल्या हजारो संख्या एकाच पायरीत अवघ्या ५४ उत्तरांवर येऊन ठेपतात. आठवी-नववीच्या मुलांना हे फळ्यावर सहज पटवून देता येते.

खालच्या कोपऱ्यातील चौकट मात्र सुरेख आहे. २ × ३² × ७³ हे मूळ अवयव, १८ ही अंकांची बेरीज, आणि १८ + १८² + १८³ म्हणजे नेमके ६१७४, हे तिथे रंगांतून छान उलगडले आहे.

छपाई आणि कागद यांविषयी तक्रार नाही. शून्याची सूचना मी मार्करने लिहून टाकली आहे. विकत घेणाऱ्यांनी टांगण्यापूर्वी तेवढे करावे.