भान न सोडता स्वप्नात उतरायला शिकवणारा वर्ग : पाच रविवारांचा अनुभव

झोप लागत असताना भान न सोडता थेट स्वप्नात उतरण्याची पद्धत शिकवणारा पाच रविवारांचा वर्ग मी गेल्या हिवाळ्यात जुळे सोलापुरात केला. मला काही तक्रारीही मांडायच्या असल्याने वर्ग चालवणाऱ्यांचे नाव देत नाही. परंतु अशा वर्गाला जाऊ इच्छिणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, एवढे तरी या लेखनातून कळावे अशी इच्छा आहे. शुल्क १,८०० रुपये, वेळ सकाळी ७ ते ९, आम्ही चौदा जण, आणि प्रत्येकाने चादर व उशी घरूनच आणायची होती.

पहिला रविवार उत्तम झाला. आमच्यापैकी बरेच जण ही एखादी सिद्धी आहे अशा समजुतीने आले होते, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी तो समज सुरुवातीलाच दूर केला. स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे म्हणजे सजग स्वप्न. त्याला ‘ल्युसिड ड्रीम’ हे नाव फ्रेडरिक व्हॅन ईडन या डच मनोविकारतज्ज्ञाने 1913 मध्ये रूढ केले. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असले तरी डोळे हलत राहतात. याचाच उपयोग करून 1975 मध्ये इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने आधी ठरवलेल्या खुणेप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्रावर उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही हेच स्वतंत्रपणे दाखवून दिले. योगनिद्रेत झोपेच्या उंबरठ्यावर थांबायचे असते, येथे तो उंबरठा जागेपणी ओलांडायचा असतो, हा फरकही मॅडमनी नेमका सांगितला.

माझी मुख्य तक्रार यापुढे सुरू होते. घरी करायचा अभ्यास रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या करायचा, असे पुस्तिकेत छापले होते. मी बारा रात्री साडेदहाला दिवा मालवून श्वास मोजत राहिलो. काही रात्री पंधरा-वीस आकड्यांतच झोप लागली, तर काही रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागला नाही. दोष माझ्या एकाग्रतेचा नव्हता, वेळेचा होता. रात्रीच्या सुरुवातीला शरीराला गाढ झोप हवी असते. स्वप्नांची झोप, जिला रेम झोप म्हणतात, पहिल्यांदा येते ती साधारण दीड तासाने, आणि तीही थोडाच वेळ टिकते. तिचे लांब टप्पे पहाटेच्या बाजूला असतात. म्हणून चार-साडेचार तासांची झोप झाल्यावर उठावे, थोडा वेळ जागे राहावे आणि मग पुन्हा पडावे, म्हणजे तंद्रीतून स्वप्नात जाण्याचे अंतर फार कमी होते. या पद्धतीचा सारा भार ज्या गोष्टीवर आहे ती गोष्ट आम्हाला तिसऱ्या रविवारी, आणि तीही एका विद्यार्थ्याने विचारली म्हणून, कळली. आमच्यातील दोन निवृत्त गृहस्थांची झोप आधीच कमी होती; या चुकीच्या वेळेमुळे त्यांनी वर्गच सोडला, याचे मला आजही वाईट वाटते.

तिसऱ्या रविवारनंतर मी गजर पहाटे सव्वाचारचा लावला. पाणी पिऊन वीस मिनिटे मंद दिव्यात खुर्चीवर बसायचे, मग उताणे पडून ‘एक, मी स्वप्नात आहे, दोन, मी स्वप्नात आहे’ असे मोजत राहायचे. सहाव्या पहाटे मिटल्या डोळ्यांपुढे जांभळट ठिपके सरकू लागले, हात जड झाले, आणि दुरून यंत्रमागाचा आवाज ऐकू आला. आमच्या घरचे माग बंद होऊन बरीच वर्षे झाली. तरीही धोट्याची ती एकसारखी ये-जा मी स्पष्ट ऐकत होतो, आणि त्या आवाजामागे न धावता नुसते ऐकत राहण्याचे शिक्षण त्या क्षणी कामी आले. आकडा कितीवर होता ते आठवत नाही. मी वडिलांच्या कारखान्यात उभा होतो. मागावर अर्धी विणलेली तांबडी-हिरवी चादर होती, कोपऱ्यात कांड्यांची टोपली होती आणि सुताचा उबट वास होता. शिकवल्याप्रमाणे तोंड मिटून नाक चिमटीत धरले, तरी श्वास सरळ आत गेला. हे स्वप्न आहे आणि मी ते जाणतो आहे, हे कळल्याचा आनंद इतका झाला की त्या आनंदानेच मला जाग आली. पुढच्या वेळी तळहात एकमेकांवर चोळल्याने स्वप्न अधिक काळ टिकले आणि चादरीवर हात फिरवता आला.

चौथ्या रविवारचे कौतुक मनापासून करायचे आहे. या वाटेवर कधीकधी शरीर जखडल्यासारखे होते, कानात घोंघावते, कुणीतरी खोलीत असल्याचा भास होतो. रेम झोपेत मेंदूच स्नायूंना जायचे आदेश अडवतो, श्वासाचा पडदा मात्र चालू राहतो, आणि ही अवस्था थोड्या वेळात आपोआप ओसरते, हे मॅडमनी पूर्ण दोन तास देऊन समजावले. वर्गातल्या एका काकूंनी विचारले, “अहो मॅडम, म्हणजे इतकी वर्षं मला रात्री दाबतं ते बाहेरचं काही नव्हतंच?” मॅडम म्हणाल्या, “नव्हतं, काकू. शरीर झोपलेलं होतं आणि तुम्ही जाग्या होता.” काकू पदराने डोळे पुसत बराच वेळ बसून राहिल्या. केवळ या एका दिवसासाठी १,८०० रुपये मला जास्त वाटत नाहीत.

वर्गाची बावीस मिनिटांची ध्वनिफीत मात्र निरुपयोगी आहे. तिच्यातील आवाज अखंड बोलत राहतो, आणि तंद्री गडद होऊ लागते नेमक्या त्याच वेळी घंटा वाजून ‘आता आपण स्वप्नात आहात’ अशी सूचना येते, त्यामुळे माणूस पुन्हा वर येतो. ‘एकवीस दिवसांत हमखास’ हे जाहिरातीतील वाक्यही काढून टाकावे. मी एकतीस पहाटे प्रयत्न केला आणि चार वेळा यश आले, आणि मला ते पुरेसे वाटते. त्याहून गंभीर बाब अशी की प्रवेश देताना कोणाच्याही प्रकृतीची चौकशी झाली नाही. दिवसा अनावर झोप येण्याचा विकार असलेल्यांनी, मानसिक आजारात भास झालेल्यांनी आणि पुरेशी झोप न मिळणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोप मोडण्याचा हा अभ्यास करू नये. आमच्यात रात्रपाळीला गाडी चालवणारा एक तरुण होता; त्याला सुट्टीच्या दिवसाखेरीज गजर लावू नकोस, असे सांगायला हवे होते.

या सर्व गोष्टी मी शेवटच्या रविवारी मॅडमना समक्ष सांगितल्या आणि त्यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. नव्या तुकडीची पुस्तिका मी पाहिली. पहाटेच्या गजराची वेळ आता पहिल्याच पानावर आहे आणि प्रवेशाच्या अर्जावर प्रकृतीविषयी चार प्रश्न आले आहेत. ध्वनिफीत अजून तीच आहे.