फ्रीबीएसडीवर मराठी: आयबस घ्यावं की एक्सकेबी?

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारी आणि कीबोर्ड सांभाळणारी व्यवस्था) चालू आहे, देवनागरी फॉन्ट घातला आहे, आता लिहायचं कशानं एवढंच ठरायचं आहे. एकीकडे आयबस हा टायपिंगचा वेगळा प्रोग्राम आणि त्यावर एम१७एन या संचातली रोमन पद्धत, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी. दुसरीकडे एक्सकेबी, म्हणजे एक्सऑर्गचीच कीबोर्ड-व्यवस्था, आणि तिच्यातला इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक (लेआउट).

मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याला आयबस लगेच जमतं. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एकाच मशीनवर तीनचार जण बसत असतील तर तेच सोयीचं. प्रोग्रामांना आयबस वापरायला सांगणारी जीटीके, क्यूटी आणि एक्सआयएमची तीन व्हेरिएबल्स एक्सइनिटआरसी या सुरुवातीच्या फाईलमध्ये डेस्कटॉप सुरू करणाऱ्या 'एक्झेक' ओळीच्या वर लिहायची. खाली लिहिली तर तिथपर्यंत गाडी पोचतच नाही.

आयबसमध्ये मला खटकलं ते शेवटचं अक्षर. अधोरेखित होऊन ते लटकत राहतं, पुढची कळ दाबेपर्यंत पक्कं होत नाही. सलग मजकुरात हे कळतही नाही. पण नाव, गाव, बोटीचा नंबर असे रकाने भरताना माउसने पुढच्या चौकटीत गेलं की 'केळशी'तला 'शी' कधी गळतो, कधी भलत्या रकान्यात पडतो. प्रोग्रामागणिक हे कमीजास्त होईल, पण यादी तपासत बसावं लागतं ते लागतंच.

एक्सकेबीत कळ दाबली की अक्षर उतरलं. शिवाय दर्या आणि दऱ्या यांतला फरक इथे सरळ आहे: इंग्रजी 'जे'ची कळ म्हणजे र, शिफ्ट-जे म्हणजे ऱ, 'डी' म्हणजे हलन्त. रोमन पद्धतीत 'आरवायए' लिहिलं की साधा रफारच येतो आणि 'किनाऱ्यावर'साठी वेगळी खूण शोधावी लागते. ळ शिफ्ट-एनवर.

उणीवही आहे. एक्सकेबीत एका कळीतून एकच चिन्ह निघतं, म्हणून क्ष, ज्ञ, त्र, श्र तुकड्यांनी जोडावे लागतात. आणि अ ला ॅ जोडून केलेला 'अॅ' दिसायला 'ॲ'सारखाच असला तरी शोधताना जुळत नाही. यादीत दोन्ही मिसळू देऊ नका.

एक्सकेबीच्या लेआउटच्या ओळीत यूएस (इंग्रजी) आधी, आयएन (भारतीय) नंतर. नुसतं आयएन ठेवलंत तर लॉगिनचा पासवर्डच टाइप होणार नाही. लेआउट तात्पुरता बदलणाऱ्या सेटएक्सकेबीमॅप या कमांडवर थांबू नका, एक्सऑर्ग.कॉन्फ.डी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये इनपुटक्लासची (कीबोर्डचे नियम सांगणारी) फाईल करा. खाऱ्या हवेनं लॅपटॉपच्या कळा गेल्या की आपल्याकडे यूएसबी कीबोर्ड येतोच, आणि तो काढून परत लावला की सेटएक्सकेबीमॅपनं केलेलं पुसलं जातं. फाईलमधलं टिकतं. एक्सऑर्गऐवजी वेलँड ही नवी व्यवस्था असेल तर मात्र ती फाईल वाचलीच जात नाही, तिथे डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच लेआउट द्यावा.

हात बसायला वेळ लागतो हे मान्य, तरी रोज नावं भरायची असतील तर मी इनस्क्रिप्टच सुचवेन. दोन्ही ठेवायचेच असतील तर आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमचा लेआउट वापरण्याच्या पर्यायावर खूण करा, नाहीतर आयबस सुरू होताना तुमचा लेआउट स्वतःच बदलून टाकतं.