व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडणारी डबी: एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर

ही डबी घेण्याआधी टीव्हीची मागची बाजू नीट पाहा. 'एव्ही इन' लिहिलेले सॉकेट असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही. पिवळे सॉकेट दिसत नसले तरी काही टीव्हींत पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्येच लावायची असते, तर काहींत हेडफोनसारखे ३.५ मिमीचे छिद्र असते. त्या छिद्राच्या केबलमध्ये जोडण्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. चित्र न येता नुसती घरघर ऐकू आली, तर पिवळी आणि लाल पिन अदलाबदल करून पाहावी. टीव्हीचे स्वतःचे एव्ही इनपुट कॅसेटचा डळमळता सिग्नल बऱ्याचदा स्वस्त डबीपेक्षा चांगला सांभाळते.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तरच ही डबी घ्यावी, आणि घेताना दिशा वाचावी. 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' या डब्या दिसायला अगदी सारख्या असतात, पण उलट्या दिशेने सिग्नल जात नाही. चुकीची डबी घरी येण्याचे कारण बहुधा हेच.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या 'आउट'मधून पिवळी, पांढरी, लाल डबीत आणि डबीतून एचडीएमआय टीव्हीत. डबीला ५ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो, तो मोबाइलच्या चार्जरवरून द्यावा. टीव्हीच्या यूएसबीवरून दिल्यास काही टीव्हींत चित्र मध्येच जाते. व्हीसीआर मोनो असेल तर आवाजाचे एकच सॉकेट असते आणि आवाज एकाच स्पीकरमधून येतो. त्यासाठी एकाचे दोन करणारी वाय केबल लावावी.

७२० आणि १०८० असे, बाहेर जाणाऱ्या चित्राच्या रेषा ठरवणारे बटण डबीवर असते. त्याला फार महत्त्व देऊ नये. व्हीएचएसवर, म्हणजे व्हीसीआरच्या नेहमीच्या कॅसेटवर, आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील असतो. जो तपशील टेपवर नाही, तो डबी आणणार कुठून?

खटकते ते चित्राचे ताणणे. स्वस्त डब्या ४:३ चे चित्र १६:९ भर पसरतात आणि चेहरे रुंद दिसतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडावे. काही टीव्ही एचडीएमआयवर ती मुभाच देत नाहीत, म्हणून ४:३ चा स्विच असलेली डबी घ्यावी. थोडे जास्त पैसे गेले तरी या एका सोयीसाठी ते वसूल होतात.

खरी कसोटी जुन्या टेपवर लागते. टेप ताणलेली असते, तिची गती किंचित हलते, त्यामुळे चित्राची प्रत्येक रेघ थोडी पुढेमागे येते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्या हलण्याबरोबर जात असे. कन्व्हर्टरला मात्र ठरलेल्या वेळेला रेघ हवी असते. ती चुकली की सिंक, म्हणजे रेघांच्या वेळेचा मेळ, सुटतो आणि पडदा क्षणभर काळा किंवा निळा होतो. पॉज आणि फास्ट सर्चमध्ये हे हमखास होते. आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, टेप वाचणारे हेड साफ करावे, ट्रॅकिंग (टेपवरच्या नोंदीवर हेड नेमके बसवणे) जुळवावे. तरीही सिंक सुटत असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेघांची वेळ पुन्हा नीट करणारे उपकरण, लागतो. कॉपी-संरक्षण असलेल्या विकतच्या कॅसेटवर काही डब्यांत उजेड आपोआप कमीजास्त होतो. तो टेपचा दोष नव्हे.

चित्राच्या अगदी खाली वळवळणारी बारीक पट्टी दिसली तर व्हीसीआर उघडू नका. फिरत्या ड्रमवर एका हेडकडून दुसऱ्याकडे सिग्नल जातो तिथली ती खूण आहे. जुन्या टीव्हीत ती चौकटीमागे लपायची.

कॅसेटी कायमच्या डिजिटल करायच्या असतील तर मात्र ही डबी मधे घालू नये. ती चित्र आधीच मोठे करते, इंटरलेसिंग (एकाआड एक रेघा दोन खेपांत दाखवण्याची जुनी पद्धत) घाईने काढते, आणि त्या चुका रेकॉर्डिंगमध्ये कायमच्या बसतात. त्या कामासाठी व्हीसीआरचा सिग्नल थेट घेणारे, वरून खाली मोजलेल्या मूळ ५७६ किंवा ४८० रेषांतच साठवणारे कॅप्चर उपकरण वापरावे.